करिअर ठरवण्याआधी स्वतःची तपासणी: नोंदवहीपासून निर्णयापर्यंत

पदवी झाली, पण पुढे काय ते ठरत नाही. नोकरी आहे, पण सोमवार नको वाटतो. स्पर्धा परीक्षेत तीन वर्षं गेली आणि चौथं सुरू करावं का, हे घरात कोणी उघड विचारत नाही. साधारण एकवीस ते तीस वयाच्या अशा मुलामुलींसाठी हा लेख आहे.

करिअर मार्गदर्शनाच्या कामात मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुलं मेहनती असतात, माहितीही भरपूर असते, पण क्रम उलटा असतो. आधी ‘सध्या कशाला स्कोप आहे?’, मग क्लासची चौकशी, मग फी आणि सगळ्यात शेवटी, पैसे आणि वर्ष गेल्यावर, ‘हे काम मला रोज करवेल का?’ हा शेवटचा प्रश्न पहिला यायला हवा. त्याचं उत्तर विचार करत बसून सापडत नाही. तुम्ही प्रत्यक्षात काय करता, काय टाळता, कोणत्या कामासाठी लोक तुमच्याकडे येतात, याच्या नोंदीतून ते दिसतं.

निर्णयापर्यंतच्या पहिल्या नऊ टप्प्यांना मिळून आठ ते दहा आठवडे लागतात. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून हे करता येतं. टप्पे मात्र याच क्रमाने करा. बहुतेक जण चाचणीपासून किंवा कोर्सच्या यादीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

## सुरुवातीची तयारी

एक जाड वही घ्या. फोनमध्ये नोंदी ठेवू नका, कारण पुढे दोन-तीन पानं शेजारी-शेजारी ठेवून वाचावी लागतात आणि फोनवर ते होत नाही.

घरच्यांना आधीच सांगा, आणि तारखेसह सांगा. ‘मला जरा वेळ द्या’ म्हटलं की आई-बाबांची काळजी वाढते. त्याऐवजी, ‘बाबा, ऑगस्टच्या शेवटापर्यंत मी हे सगळं करणार आहे, या कागदावर लिहिलंय, सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी बसून बोलू,’ असं म्हटलं तर बहुतेक घरांत ते चालतं. या काळात नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायची जबाबदारीही मग तुमच्या एकट्यावर राहत नाही.

तुम्हाला काम करताना पाहिलेली दोन माणसं निवडून ठेवा. आई-वडील नकोत, जिवलग मित्रही नको. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातले सर, तुम्ही सुट्टीत काम केलं त्या दुकानाचे मालक, मंडळाचे खजिनदार, प्रोजेक्टच्या मॅडम असं कोणीतरी. त्यांचं काम तिसऱ्या टप्प्यात येईल.

शेवटची तयारी पैशांची. घर तुम्हाला आणखी किती महिने सांभाळू शकतं, शैक्षणिक कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो, बहिणीचं लग्न किंवा भावाची फी याच वर्षात आहे का, हे आकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. आत्ता फक्त लिहा. त्यावरून लगेच निर्णय घेऊ नका.

सावधान: हे आठ-दहा आठवडे कोणत्याही क्लासला किंवा कोर्सला फी भरू नका. ‘शनिवारपर्यंत भरली तर तीस टक्के सूट’ ही सूट पुढच्या महिन्यातही असते. अपवाद प्रवेश परीक्षेच्या अर्जाचा: सीईटीसारख्या अर्जाची मुदत संपत असेल तर तो भरून टाका. अर्जाची फी गेली तरी चालेल, वर्ष जायला नको.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘माझं करिअर काय असावं?’ या प्रश्नाला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. तो लहान करा. पुढच्या दोन-तीन वर्षांचा, ठरावीक तारखेपर्यंत घ्यायचा, तुमच्या हातातला निर्णय कोणता आहे?

चालतील अशी वाक्यं: ‘बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर एम.एस्सी. करायची की क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी धरायची, हे मला जूनपर्यंत ठरवायचं आहे.’ ‘राज्यसेवेचा आणखी एक प्रयत्न करायचा की नाही, हे दिवाळीपर्यंत ठरवायचं आहे.’ ‘सपोर्टची नोकरी सोडून दुसऱ्या कामाकडे जायचं का आणि कोणत्या, हे अप्रेझलच्या आधी ठरवायचं आहे.’

वाक्यात तारीख नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. वाक्यात ‘आई म्हणते’ किंवा ‘सगळे म्हणतात’ आलं असेल, तर ते खोडून पुन्हा लिहा.

## टप्पा २: दोन आठवड्यांची नोंद

रोज रात्री दहा मिनिटं. दिवसभरात जे केलं त्यातल्या चार-पाच गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे तीन खुणा करायच्या: कोणी सांगितलं म्हणून केलं की आपणहून, वेळ भरभर गेला की रेंगाळला, आणि संपल्यावर अंगात जीव होता की गळून गेल्यासारखं झालं.

लिहिताना क्रियापदं वापरा. ‘अभ्यास केला’ ही नोंद काही कामाची नाही. ‘इतिहासाच्या नोट्स वेगळ्या रंगांत पुन्हा लिहिल्या’, ‘मित्राला टक्केवारीची गणितं समजावली’, ‘मामांचा पीक विम्याचा अर्ज ऑनलाइन भरून दिला, दोनदा रिजेक्ट झाला तरी सोडला नाही’ अशा नोंदी हव्यात. शेवटच्या नोंदीत बघा किती गोष्टी आहेत: माणसाला मदत, नियम वाचणं, अडलं तर पुन्हा प्रयत्न करणं. यातली नेमकी कोणती गोष्ट आवडली, तेही एका ओळीत लिहा.

इथे हमखास होणाऱ्या चुका तीन.

पहिली, चांगलं दिसेल असं लिहिणं. दोन तास रील बघितल्या असतील तर तेच लिहा, आणि कशाच्या बघितल्या तेही लिहा. गाड्यांची दुरुस्ती बघणं आणि भांडणं बघणं या वेगळ्या नोंदी आहेत. पण एक लक्षात ठेवा, बघायला आवडणं म्हणजे करायला आवडणं नव्हे. स्वयंपाकाचे व्हिडिओ तासन्‌तास बघणाऱ्यांपैकी कितीतरी जण ओट्याजवळ जात नाहीत.

दुसरी, दोन-तीन दिवस चुकल्यावर सोडून देणं. चुकले तर चुकले, पुढे लिहा. चौदा नोंदी झाल्या की पुरे, त्या सलग नसल्या तरी चालतं.

तिसरी, रोज वाचून रोज निष्कर्ष काढणं. दोन आठवडे मागची पानं उलटू नका. चौथ्या दिवशी ‘मी शिक्षक व्हायला पाहिजे’ असं ठरवून टाकलं की पुढच्या सगळ्या नोंदी तशाच लिहिल्या जातात.

## टप्पा ३: मागच्या कामांचा पुरावा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि सगळे तो घाईत उरकतात. त्याला पूर्ण एक आठवडा द्या.

आठवी-नववीपासून आजपर्यंतचे आठ-दहा प्रसंग लिहा, ज्यांत तुम्ही काहीतरी केलं आणि ते नीट झालं. बक्षीस मिळायलाच हवं असं नाही. गॅदरिंग, शिबिर, शेतातलं काम, दुकान, भावंडाचा अभ्यास, लग्नघरातली व्यवस्था, आजारी माणसाची देखभाल, काहीही चालेल. मग प्रत्येक प्रसंग सुटा करून बघा: त्यात तुम्ही नेमकं काय केलंत, आणि त्याच वेळी कोणती गोष्ट दुसऱ्यावर ढकललीत?

एका बी.कॉम. झालेल्या मुलीने लिहून आणलं होतं, ‘गणपती मंडळात मदत केली.’ एवढंच. मी विचारत गेले तेव्हा कळलं की त्या वर्षी वर्गणीच्या पावती पुस्तकांचा आणि जमा रकमेचा मेळ लागत नव्हता. मंडळाची मुलं ‘जाऊ दे’ म्हणत होती. ती दोन रात्री कार्बनच्या प्रती घेऊन बसली आणि एका पुस्तकात मधल्या दोन पावत्या कोऱ्याच राहून गेल्याचं तिने शोधून काढलं. पुढच्या वर्षी तिने प्रत्येक पुस्तकाला क्रमांक दिला आणि पुस्तक देताना-घेताना सही घ्यायची पद्धत बसवली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि दारोदार वर्गणी मागायला मात्र ती एकदाही गेली नव्हती.

आता क्रियापदं बघा: मेळ घालणं, चूक शोधणं, पद्धत बसवणं. टाळलेलं काम: अनोळखी माणसाला पैशांसाठी तयार करणं. ही मुलगी दीड वर्ष बँक पीओची तयारी करत होती, ‘कॉमर्सवाल्यांनी तेच करायचं असतं’ म्हणून. शाखेतल्या अधिकाऱ्याच्या दिवसात ग्राहकांची समजूत काढणं, खाती उघडून आणणं, विमा-म्युच्युअल फंड गळी उतरवणं किती असतं, हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

सगळे प्रसंग असे सुटे झाले की क्रियापदांची एक यादी करा. तीन किंवा अधिक प्रसंगांत आलेल्या क्रियापदांखाली रेघ मारा. मग तयारीत ठरवलेल्या त्या दोन माणसांना भेटा आणि विचारा, ‘सर, मी कोणतं काम करत असताना तुम्हाला पुन्हा पाहावं लागत नव्हतं? आणि कोणतं काम मला द्यायला तुम्ही कचरायचात?’ ‘माझ्यात काय गुण आहेत?’ असं विचारू नका. त्यावर सगळे ‘मेहनती आहेस, प्रामाणिक आहेस’ एवढंच म्हणतात.

इथे गल्लत होते: शाळेतले गणिताचे सर आवडायचे म्हणून गणित आवडतं असं वाटतं. गुण मिळाले म्हणून विषय आवडतो असं वाटतं. सर बदलल्यावर आणि परीक्षा नसताना तुम्ही तो विषय आपणहून उघडला होता का, एवढंच तपासा.

## टप्पा ४: चार पानं, चार वेगळ्या गोष्टी

आता वहीत चार कोरी पानं घ्या: आवड, कुवत, मूल्यं, परिस्थिती. लोक या चारही गोष्टी एकाच प्रश्नात कोंबतात आणि मग उत्तर येत नाही.

आवडीचं पान दुसऱ्या टप्प्यातून भरा, कुवतीचं तिसऱ्यातून. कुवतीच्या पानावर ‘मी चांगला आहे’ अशी वाक्यं नकोत. वेग, चुका आणि मागणी एवढंच लिहा: इतरांपेक्षा कोणतं काम लवकर होतं, कशात चुका कमी होतात, कशासाठी लोक तुम्हाला फोन करतात.

मूल्यांचं पान जोड्या लावून भरा, कारण नुसतं विचारलं तर प्रत्येकाला पगार, स्थैर्य, मान, मोकळीक सगळंच हवं असतं. एकेक जोडी समोर ठेवा आणि एकच निवडा. गावाजवळ राहून कमी पगार, की लांब जाऊन जास्त? ठरलेलं काम आणि ठरलेली वेळ, की रोज नवी अडचण? नाव व्हावं, की कोणी त्रास देऊ नये? एकट्याने करायचं, की चारचौघांत? अशा दहा-बारा जोड्या करा, आठवड्याने पुन्हा करा. दोन्ही वेळा सारखंच उत्तर आलं तेवढंच धरा.

परिस्थितीच्या पानावर शेवटच्या पानावरचे आकडे आणा. त्यात घरच्या जबाबदाऱ्या, तब्येत, मुलींच्या बाबतीत रात्रपाळी आणि प्रवासाबद्दल घरचं काय म्हणणं आहे, हेही येऊ द्या. पण प्रत्येक अडचणीपुढे लिहा: ही कायमची आहे की दोन वर्षांची? हप्ता दोन वर्षांत फिटणार असेल, तर त्याच्यासाठी तीस वर्षांचं काम निवडायचं कारण नाही. आधी हप्ता फेडणारी नोकरी, मग दुसरं पाऊल, असा क्रम लावता येतो.

## टप्पा ५: चाचणी द्यायची असेल तर आत्ता

कल चाचणी हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे, कारण २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळाने दहावीच्या सगळ्या मुलांची ती घेतली. त्यामुळे चाचणी दिली की उत्तर मिळतं, असा समज पसरला. चाचणी उत्तर देत नाही. वहीत लिहिलेलं बरोबर आहे का, ते तपासायला ती उपयोगी पडते. म्हणून ती पाचव्या क्रमांकावर आहे.

चाचण्यांत फरक असतो. कल किंवा आवड मोजणारी वेगळी, क्षमता मोजणारी वेगळी, स्वभाव मोजणारी वेगळी. आवडीच्या बऱ्याच चाचण्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा गटांवर बेतलेल्या असतात: हाताने आणि यंत्रांवर काम करणारे, शोध घेणारे, कलात्मक, माणसांना शिकवणारे-मदत करणारे, पुढाकार घेऊन पटवणारे, आणि नोंदी-नियम नीट ठेवणारे. अमेरिकेच्या कामगार खात्याची ‘ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर’ ही साठ प्रश्नांची चाचणी याच गटांवर आहे आणि फुकट आहे. इंग्रजी जमत असेल तर ती द्या. पण पुढे सुचवलेले व्यवसाय तिकडचे असतात, त्यामुळे फक्त पहिले दोन-तीन गट घ्या, यादी सोडा. क्षमता चाचणी मात्र प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्या आणि अहवालावर समोरासमोर चर्चा होणार आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेत हे काम अनेक वर्षं चाललं आहे.

सावधान: बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. शाळांमधून, सोसायट्यांमधून ती हजारो रुपयांना विकली जाते आणि अहवाल जाडजूड, रंगीत असतो. त्यावर पैसे घालवू नका आणि कोणी फुकट करून दिली तरी त्यावर निर्णय घेऊ नका.

चाचणी आणि वही यांचं जुळलं नाही तर? वहीला जास्त मान द्या. ती तुम्ही केलेल्या कामांची नोंद आहे. चाचणीत तुम्ही स्वतःबद्दल काय वाटतं ते सांगितलं आहे.

## टप्पा ६: क्रियापदांवरून कामांची यादी

इथपर्यंत एकाही कोर्सचं नाव घेतलेलं नाही. आता कामांची नावं घ्यायची, कोर्सची अजूनही नाही.

रेघ मारलेली क्रियापदं समोर ठेवा आणि ती ज्यात दिवसाचा मोठा भाग व्यापतात अशी सहा ते आठ कामं शोधा. त्या बी.कॉम.वाल्या मुलीची यादी अशी झाली: कर सल्लागाराच्या कार्यालयात जीएसटीचं काम, सीए फर्ममध्ये लेखापरीक्षणाचा सहायक, सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण, रुग्णालयात विमा दाव्यांची तपासणी, कारखान्यात स्टोअर आणि मालाची नोंद, शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब. यातली निम्मी कामं तिने कधी ऐकलेलीही नव्हती. आपल्याला ओळखीच्या चौघांनी केलेलीच कामं माहीत असतात. म्हणून यादीतली निदान तीन नावं तुमच्या घराण्यात कोणी न केलेली असावीत. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात कामांची नावं शोधायला मदत होते.

मग प्रत्येक काम चार पानांवरून फिरवा. परिस्थितीच्या पानाला अजिबात न बसणारं खोडा. बाकीच्यांतून तीन ठेवा.

दहावी-बारावीच्या मुलांसाठी एक वेगळी तपासणी: कोणता विषय सोडल्याने कोणतं दार बंद होतं ते बघा. अकरावीला गणित सोडलं की अभियांत्रिकीची वाट अवघड होते आणि एनडीएमधल्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) नौदल व हवाई दलासाठी पात्रताच राहत नाही, कारण तिथे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला मात्र कोणतीही शाखा चालते. या वयात एकच दिशा पक्की करण्यापेक्षा दोन-तीन दारं उघडी ठेवणं जास्त शहाणपणाचं.

## टप्पा ७: ते काम करणाऱ्या माणसांना भेटा

तीन कामं, प्रत्येकासाठी तीन माणसं: एक गेल्या दोन वर्षांत लागलेला, एक दहा वर्षं झालेला, आणि एक सोडून गेलेला. तिसऱ्याला शोधणं अवघड असतं, पण सगळ्यात उपयोगी तोच पडतो. क्लासचे संचालक, कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी आणि यूट्यूबवरचे यशस्वी लोक यांना या नऊ जणांत धरू नका.

निरोप असा पाठवा: ‘नमस्कार मॅडम, मी अमुक गावची, बी.कॉम. झाले आहे. लेखापरीक्षणाचं काम कसं असतं हे समजून घ्यायचं आहे. नोकरीसाठी नाही. तुमच्या सोयीने वीस मिनिटं मिळतील का? फोनवर चालेल.’ ‘नोकरीसाठी नाही’ हे लिहिलं की लोक सहज वेळ देतात. आणि दिलेला शब्द पाळा, भेटीत बायोडाटा काढू नका.

विचारायचं काय? ‘फील्ड कसं आहे?’ असं विचारलं की ‘चांगलं आहे, मेहनत पाहिजे’ एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी:

- काल सकाळी आल्यापासून जाईपर्यंत काय-काय केलंत, क्रमाने सांगाल?
- महिन्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता?
- नवीन माणूस पहिल्या वर्षात बहुतेक कशावरून सोडून जातो?
- सुरुवातीला हातात किती येतात, आणि पाच वर्षांनी साधारण किती?
- या पदवीऐवजी कोणतं कौशल्य आधी शिकायला हवं होतं?

स्पर्धा परीक्षावाल्यांनी हा टप्पा अजिबात गाळू नये. पदाचं नाव, गाडी आणि गावातला मान आवडणं वेगळं आणि त्या पदाचा दिवस आवडणं वेगळं. नायब तहसीलदाराचा दिवस म्हणजे जमिनीच्या फेरफाराच्या तक्रारी, दाखले, सुनावण्या, निवडणुकीचं काम, अतिवृष्टी झाली की पंचनामे. हे ऐकूनही ‘मला हेच करायचंय’ वाटलं, तर तो अभ्यास पक्क्या पायावर उभा राहील. ऐकून हिरमोड झाला, तर दोन वर्षं आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं वाचलं.

भेट झाल्यावर त्याच दिवशी वहीत दोन ओळी लिहा: कोणत्या कामाचं वर्णन ऐकताना पुढचा प्रश्न आपोआप सुचला, आणि कुठे लक्ष उडालं.

## टप्पा ८: हात लावून पाहा

भेटींच्या नोंदी वाचून तीनपैकी एक काम बाजूला ठेवा आणि उरलेल्या दोन कामांचा छोटा अनुभव घ्या. एक ते दोन आठवडे, आणि खर्चाची मर्यादा आधी ठरवून.

वेळ बरोबर निवडा. कामाचा ताण ज्या दिवसांत असतो तेव्हाच जा. जीएसटीचं काम बघायचं असेल तर महिन्याच्या दहा ते वीस तारखेदरम्यान बसा: दर महिन्याला विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) अकरा तारखेपर्यंत, २बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणारी आपल्या खरेदीची यादी) चौदा तारखेला दिसतं, ३बी (महिन्याच्या कराचं विवरण) वीस तारखेपर्यंत. महिनाअखेरीस गेलात तर कार्यालय शांत दिसेल आणि चुकीचं मत बनेल. आपली बी.कॉम.वाली मुलगी याच दिवसांत एका कर सल्लागाराकडे बसली. व्यापाऱ्यांना ‘बिलं पाठवा’ म्हणून फोन करणं तिला नकोसं झालं. खरेदीची बिलं २बीशी ताडून कुठलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) बसत नाही ते शोधण्यात मात्र दुपारचा चहाही विसरायची. म्हणजे काम बरोबर, पण लहान कार्यालयात हे दोन्ही एकाच माणसाला करावं लागतं. मोठ्या फर्ममध्ये किंवा कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षणात ते वेगळं होऊ शकतं. ही माहिती कोणत्याही चाचणीतून आली नसती.

इतर कामांसाठी: कायदा वाटत असेल तर जिल्हा न्यायालयात चार दिवस मागच्या बाकावर बसा, बहुतेक कामकाज कोणालाही बघता येतं. शिक्षण वाटत असेल तर वस्तीतल्या पाच मुलांना दोन आठवडे एकच धडा समजेपर्यंत शिकवा. कोडिंग वाटत असेल तर कोर्सचे व्हिडिओ संपवण्यापेक्षा घरच्या दुकानाच्या उधारीचा छोटा प्रोग्राम पुरा करून दाखवा. राज्यसेवा असेल तर, मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा तीन तास सलग हाताने उत्तरं लिहून बघा, तीही एकदा नव्हे, आठवड्यातून दोनदा. कारखान्यातलं काम असेल तर शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे. त्यात विद्यावेतनही मिळतं.

तपासा: पहिल्या तीन दिवसांवर मत बनवू नका. पहिल्या दिवशी सगळं नवीन म्हणून छान वाटतं, तिसऱ्या दिवशी काहीच येत नाही म्हणून वाईट. दुसऱ्या आठवड्याच्या मध्याला, काम ओळखीचं झाल्यावर, तुम्ही चुका कमी करण्यात रस घेताय का ते बघा.

## टप्पा ९: निर्णय, आणि थांबण्याची तारीख

आता कोर्सची पाळी. ठरलेल्या कामापर्यंत पोचायला कमीत कमी खर्चाचा आणि कमी वेळेचा रस्ता कोणता, हे त्याच नऊ माणसांना विचारा. पूर्णवेळ दोन वर्षांची पदवी खरंच लागते का? नोकरी करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ती पुरी होईल का? सीए करायचं तर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सध्या दोन वर्षांची आहे, तो काळ घर सांभाळेल का?

मग एका पानावर चार ओळी लिहा. मी काय करणार. कधीपर्यंत. कोणती खूण दिसली की चालू ठेवणार. कोणती खूण दिसली की थांबणार.

चौथी ओळ लिहायला सगळे टाळतात. स्पर्धा परीक्षेत ती नसेल तर फार नुकसान होतं. राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षं आहे. म्हणजे व्यवस्था तुम्हाला थांबवत नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागतं. ‘पुढच्या दोन प्रयत्नांत पूर्वपरीक्षा निघाली नाही तर अर्ज भरणं बंद, आणि आजपासूनच आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या कामाची तयारी’ अशी ओळ हवी. ती अभ्यास सुरू करण्याआधी लिहा. निकाल लागल्यावर लिहायला बसलात तर ‘चार मार्कांनी गेलं, आता सोडायचं कसं’ हेच मनात येतं.

ठरलेल्या रविवारी घरी बसा आणि वही उघडून दाखवा. ‘मला वाटतं’ याऐवजी ‘मी या नऊ जणांना भेटले, दोन आठवडे तिथे बसले, एवढा खर्च येईल, एवढ्या महिन्यांत कमाई सुरू होईल’ असं बोला. बाबांचा विरोध बहुतेक वेळा निवडीला नसतो. तुम्ही पुरेसं पाहिलं आहे का, ही त्यांची शंका असते. तरी नकार आला तर कोणत्या ओळीला नकार आहे ते विचारा: खर्चाला, गावाला, कालावधीला की कामालाच? पहिल्या तीन गोष्टींत बहुधा मधला मार्ग निघतो.

## टप्पा १०: तीन महिन्यांनी पुन्हा नोंद

काम किंवा अभ्यास सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी टप्पा २ ची नोंद फक्त एक आठवडा पुन्हा करा. जुन्या पानांच्या शेजारी ठेवून वाचा. रेघ मारलेली क्रियापदं रोजच्या दिवसात येतायत का? टाळलेली कामं किती वाढली?

वाईट वाटणं कामामुळे आहे की जागेमुळे, हे इथे वेगळं करा. साहेब कडक आहेत, प्रवास दीड तासाचा आहे, खोलीवर जेवण नीट नाही, या जागेच्या अडचणी. नोकरी बदलून किंवा खोली बदलून त्या सुटतात. कामाचाच कंटाळा असेल, तर टप्पा ६ मधल्या उरलेल्या दोन नावांकडे जा. यादी, भेटींच्या नोंदी, फोन नंबर सगळं वहीत आहे, पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

आणि ती वही रद्दीत देऊ नका. पुढची नोकरी बदलताना दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची पानं पुन्हा लागतात.